ग्लोरियाची काच

ग्लोरिया गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. तिच्या गावी, उमेळ्याला, मातीसाठी जमलेली माणसं तिने बांधलेल्या घरांबद्दल भरभरून बोलत होती. अभयारण्याच्या वेशीवरच्या केंद्राचा विषय कुणी काढला नाही… ते बरंच झालं.

आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. ती आर्किटेक्ट झाली, मी शिक्षिका. पूर्वेच्या डोंगरातल्या अभयारण्याच्या वेशीवर निसर्ग केंद्र बांधायचं काम तिला मिळालं, तेव्हा आधी ती नुसती तिथे जाऊन बसायची. ऊन कुठून येतं, वारा कुठून, पाणी कुठे वाहतं ते बघत. मग एकही झाड न तोडता, पडक्या चौकीच्या जागेवर तिने मातीच्या भिंती उभ्या केल्या, कौलं घातली, पागोळ्यांचं पाणी टाकीत सोडलं. भर मे महिन्यात आत पंखा लागत नसे.

पण वनखात्याच्या साहेबांना जंगलाच्या बाजूची भिंत काचेची हवी होती. "मॅडम, लोकांना आत बसून जंगल दिसायला हवं."

"जंगल बाहेर आहे, साहेब. त्यांना बाहेर जाऊ द्या."

असं बरेच महिने चाललं. शेवटी, काम दुसऱ्याकडे गेलं तर तो नुसतं सिमेंट ओतेल, या भीतीने ती कबूल झाली.

उद्घाटनाच्या सकाळी आम्ही दोघी लवकर पोचलो. काचेखाली एक हळद्या मान मुरगळून पडला होता. ग्लोरियाने तो पिवळाधमक पक्षी ओंजळीत घेतला. काचेत समोरची झाडं उमटली होती. "झाडावरच बसायला गेला गं," एवढंच ती म्हणाली. मंडपात तिचा सत्कार झाला. मिळालेली शाल ती खुर्चीवरच ठेवून आली.

पाखरांना काच कळावी म्हणून तिच्यावर बाहेरून दोऱ्या सोडू द्या, असं तिने परोपरीने विनवलं. फोटो बिघडतात, असं उत्तर आलं. मग चर्चमधली रविवारची मिस्सा झाली की ती चुन्याचा डबा घेऊन जायची आणि स्टुलावर चढून काचेवर उभ्या रेघा ओढायची. सोमवारी त्या पुसल्या जायच्या.

"किती दिवस करशील हे?" मी एकदा विचारलं.

"काचेला हो म्हणाले ना मी… मग?"

आजारपणातही, जरा उभं राहता आलं की भाऊ तिला रिक्षाने घेऊन जायचा.

परवा मी गेले. काच लखलखीत होती, सहलीची मुलं तिला नाकं लावून उभी होती. तिने हट्टाने रुंद ठेवलेल्या वळचणीखाली, पुसणाऱ्याचा हात पोचत नाही तिथे, तिच्या रेघा अजून आहेत… वीतभरच. खाली सगळी मोकळी काच, आणि तिच्यात हलणारी झाडं, अगदी खरी वाटावीत अशी.