हर्षालीचं मोल कच्चं आहे

फळ्याखालच्या पट्टीवर खडूची भुकटी साचते. मुद्दाम कुणी टाकत नाही, पण वर्षाअखेरीला बोट फिरवून बघा, चांगला जाड थर निघतो. क्लासमधल्या किश्श्यांचंही तसंच होतं. मी गेली अठरा वर्षं वसईच्या एव्हरशाईन सिटीत केमिस्ट्री शिकवतोय. दोन खोल्यांचा क्लास, बारावीची पोरं आणि एकदा आपटी खाऊन परत आलेले रिपीटर. सगळ्यांना मेडिकलची ‘नीट’ द्यायची असते. लोक म्हणतात, सर, तुमच्याकडे काय एकेक धमाल किस्से असतील! असतात ना. पण जरा खरवडलं की प्रत्येकाच्या तळाशी भीती निघते. पोरांची, त्यांच्या आईबापांची, आणि आता लपवण्यात काय अर्थ आहे, माझीसुद्धा.

हे मागच्या वर्षीच्या बॅचचे.

*

पहिल्याच दिवशी मी ‘मोल’ शिकवतो. अणू-रेणू इतके बारीक असतात की ते एकेक करून मोजायचं म्हटलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून केमिस्ट्रीवाल्यांनी एक मोठा डझन ठरवून टाकला. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे साधारण सहावर तेवीस शून्यं. मी ती शून्यं फळ्यावर एकेक करून काढतो. दहाव्या शून्यापर्यंत पोरं हसतात, पंधराव्यानंतर वर्गात चिडीचूप होतं.

निर्मळ गावचा शॉन पहिल्या बाकावर बसला होता. घरची केळीची वाडी, स्वभाव बडबड्या. त्याने हात वर केला.

“सर, हा आकडा पाठ करायचा की याला घाबरायचं?”

मी म्हणालो, परीक्षेत दोन्ही लागतं.

“मग अर्धा अभ्यास झालाय माझा,” तो म्हणाला आणि खाली बसला.

*

आता हर्षाली. पाचूबंदरच्या कोळ्यांची मुलगी, वडिलांची बोट, आई वसईच्या बाजारात मासे विकते. ती रिपीटर होती. आदल्या वर्षी परीक्षेची घंटा वाजली आणि तिचे हात गार पडले. पेन धरवेना. केमिस्ट्रीचे पंचेचाळीसच्या पंचेचाळीस प्रश्न कोरे ठेवून ती बाहेर आली होती. येत नव्हतं म्हणाल तर तसं अजिबात नाही, घरी बसून सोडवायला दिलं की सगळं बरोबर. वडिलांनी ॲडमिशनच्या वेळीच मला सांगितलं होतं, अजून एकदाच बसवतो, यंदाही पोरगी भ्याली तर बास. त्यात राग नव्हता. तिला तसं थरथरताना परत बघायची त्यांची तयारी नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात मी तिला सहज उभं केलं. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, काय झालं? ती पटकन म्हणाली, “पानीचा रेनू.”

वर्ग फुटला. आणि सांगायला लाज वाटते, मीही हसलो. वर “ण, हर्षाली, ण. पाणी. रेणू,” असं म्हणून तिला सुधारलं.

गंमत म्हणजे मी स्वतः विरार पूर्वेच्या भातशेतीच्या गावातला. आमच्या घरी आजही पानीच पितात. मुंबईच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी माझ्या ‘न’वर पोरं हसली होती. मग मी आरशासमोर उभा राहून वर्षभर ‘बाण, प्राण, वाण’ घोकलं आणि पक्का शहरी ‘ण’ कमावला. त्या दिवशी मी हसलो ते कुणी माझ्याकडे बघू नये म्हणून. हर्षालीला काय माहीत! ती खाली बसली आणि पुढचे दोन महिने तिने वर्गात तोंड उघडलं नाही. डाउट असला की चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवायची.

*

दिवाळीआधी पालकांची मीटिंग असते. पालक एकेक करून येतात आणि माझ्यासमोर असे बसतात की जणू मी डॉक्टर आहे आणि माझ्या हातात त्यांचा एक्स-रे आहे. हर्षालीची आई बाजार उरकून तशीच आली होती. मी मार्कांचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि नेहमीच्या सुरात म्हणालो, “मावशी, बाकी सगळं ठीक आहे. फक्त हर्षालीचं मोल कच्चं आहे.”

मावशींचा चेहरा उतरला. मग चढला.

“सर, आमच्या पोरीचं मोल तुमी नका करू,” त्या म्हणाल्या. “तिचं मोल आमाला ठाव हाय.”

बाहेर रांगेतले पालक आत डोकावायला लागले. मी घाईघाईने समजावलं की मोल म्हणजे किंमत नाही, ते एक माप आहे, इतकी बारीक वस्तू असते की मोजता येत नाही, म्हणून... मी सहावर तेवीस शून्यंही कागदावर काढून दाखवली. मावशींनी ती शांतपणे बघितली.

“मंग असं सांगा ना. जवला काय कोन मोजतं? माप भरायचं नि द्यायचं.”

जवला म्हणजे नखाएवढी सुकवलेली कोळंबी. त्या पुढे म्हणाल्या, “नि डझनाचं म्हनाल तर डझन मांदेल्या नि डझन चिंबोऱ्या, आकडा एकच. वजन सारखं कसं असंल?”

अठरा वर्षं मी हे समजावतोय, तीन-तीन लेक्चर घालवतोय. बाईंनी दोन वाक्यांत उरकलं. दुसऱ्या दिवशीपासून माझ्या फळ्यावर बोटभर मांदेली आणि पंजाएवढी चिंबोरी आल्या. हर्षालीने मान वर केली नाही, पण वहीत काहीतरी लिहिताना दिसली.

*

आमच्याकडे लॅब नाही. पण एकदा हौस म्हणून काचेच्या भांड्यात पाणी घेतलं आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढा सोडियम टाकला. सोडियम पाण्यावर सैरावैरा धावतो, फुसफुसतो आणि शेवटी ठॅप करतो. ठॅपच्या आधीच शॉनसकट अख्खी बॅच शेवटच्या बाकामागे गेली होती. एकटी हर्षाली वाकून भांड्यात बघत होती. मीच ओरडून तिला मागे घेतलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या पोरीला जाळाची भीती नाही, समुद्राची नाही, चिंबोरीच्या नांगीचीही नाही. ती भिते ती फक्त छापील कागदाला.

अर्ध्या तासात सोसायटीचे सेक्रेटरी दारात. मागे वॉचमन, त्याच्या मागे तळमजल्यावरच्या दोन आजी.

“सर, तुम्ही बिल्डिंगमध्ये अणू फोडता अशी तक्रार आहे.”

मी म्हणालो, अणू नाही हो, पाण्याचा रेणू फोडला.

सेक्रेटरींनी थोडा विचार केला. “रेणूची परमिशन घेतली होती का?”

*

शॉनच्या आईचं वेगळंच. दर मॉक टेस्टच्या आधी ती चर्चमध्ये नोव्हेना सुरू करायची, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना. पहिले दोन महिने व्यवस्थित चाललं. जानेवारीत मी दर आठवड्याला टेस्ट लावली. एका टेस्टची नोव्हेना संपायच्या आत दुसरीची सुरू करायची वेळ आली. बिचारीने मला फोन केला. आवाज अगदी रडवेला.

“सर, टेस्ट नऊ दिवसांनी घ्या ना. फादर विचारतात, नक्की किती मुलं आहेत तुला?”

मी टेस्ट दहा दिवसांवर नेल्या. कारण मला विचारलंत तर सांगतो, ती प्रार्थना बंद करा म्हणायचं धाडस मलाही झालं नाही. हर्षाली तेव्हा दर टेस्टला केमिस्ट्रीचे पाच-सहा प्रश्न सोडवायची आणि थांबायची. कधी दहा, कधी परत शून्य. पेपर देताना तिची बोटं लागली की फ्रिजमधली बाटली धरल्यासारखं वाटायचं.

*

परीक्षेला तीन आठवडे उरले असतील. त्या दिवशीच्या टेस्टला हर्षालीने पूर्ण कोरा कागद दिला आणि काही न बोलता निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद. आईचा फोन लागत नव्हता.

परीक्षेच्या दिवसांत पोरांबद्दल वर्तमानपत्रात आपण काय काय वाचतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मी क्लास तसाच सोडला आणि स्कूटर काढली. पूर्वेकडून पश्चिमेला, बाजारातून, किल्ल्याच्या बाजूने पाचूबंदर. रस्ताभर एकच विचार, आदल्या दिवशी का नाही आलो. बंदरावर दोन-चार माणसं एका बाजूला जमलेली दिसली तेव्हा मी स्कूटर तिथेच सोडून धावलो. ती माणसं जाळं ओढत होती. एवढंच.

घराच्या मागे बोंबील वाळत घातलेल्या काठ्या होत्या. त्यांच्या सावलीत हर्षाली गोणपाटावर बसली होती. समोर वर्तमानपत्र, त्यावर जवल्याच्या लहान लहान ढिगल्या. मी हाक मारणार तेवढ्यात तिने हात वर करून मला थांबवलं.

“सर, बोलू नका. नऊशे सदतीस.”

मी एका खोक्यावर बसलो. तिने हजार पूर्ण केले, ढिगली बाजूला सारली, वहीत खूण केली. मग म्हणाली, आईच्या मापात जवला किती मावतो ते एकदा तरी पूर्ण मोजायचं होतं. फोन वाजला की आकडा चुकतो, म्हणून बंद ठेवला. आईचाही घेऊन बंद केला. एवढा मोठा आकडा एकदा हाताखालून गेला की त्याची भीती जाते का, ते बघायचं होतं.

मला राग आला होता, रडूही येत होतं. दोन्ही गिळायला लागेल म्हणून मी म्हणालो, “जरा पानी दे गं.”

हर्षालीने माझ्याकडे नीट पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा हसली.

“ण, सर.”

*

परीक्षा मे महिन्यात, रविवारी दुपारी. सेंटर विरारच्या एका शाळेत. गेटवर पोरांची झडती चालली होती. बूट नको, घड्याळ नको, कानातलं नको. शॉनच्या गळ्यातली जपमाळ काढायला सांगितली, तेव्हा तो पांढरा पडला. त्याने ती माझ्या मुठीत कोंबली आणि आत पळाला. हर्षाली शांतपणे रांगेत होती. फार शांत. मला ते आवडलं नाही.

गेट बंद झालं. घंटा बाहेरपर्यंत ऐकू आली. मावशी भिंतीच्या सावलीत फुटपाथवर बसल्या. हर्षालीचे वडील बोटीवरून परस्पर आले होते, अंगावर मिठाचे पांढरे डाग तसेच. ते उभेच राहिले. आम्ही तिघं तीन तास एकमेकांशी बोललो नाही. बोललो असतो तर एकच बोललो असतो. मध्येच माझ्या लक्षात आलं की माझं बोट खिशातल्या जपमाळेचे मणी एकेक करून सरकवतंय. मी हात बाहेर काढला. थोड्या वेळाने परत आत.

पेपर सुटला. पोरं बाहेर आली, कुणी हसत, कुणी आईच्या खांद्यावर. शॉन आला, माळ घेऊन गेला. गर्दी विरळ झाली. हर्षाली नाही. मावशी उठून उभ्या राहिल्या. वडील गेटच्या गजाला धरून आत बघायला लागले. वॉचमनने गेटचं एक दार लावून घेतलं, तेव्हा मी देवाचं नाव घेतलं, कुठल्या ते आठवत नाही.

ती सगळ्यात शेवटी आली. हळूहळू, चप्पल घासत. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. मावशींना विचारायचा धीर होईना, मला तर मुळीच नाही. शेवटी वडिलांनीच विचारलं.

“केमिस्ट्रीचं काय केलंस?”

“चाळीस सोडवले. पाच सोडले.”

वडिलांचा हात गजावरच राहिला. त्यांनी ‘सोडले’ एवढंच ऐकलं असावं. आवाज खाली घेऊन, लहान पोरीला विचारावं तसं त्यांनी विचारलं, “परत भ्यालीस काय?”

“नाय बाबा,” हर्षाली म्हणाली. “येत नव्हते.”