सड्यावरची दुसरी गाडी

आधीच सांगून टाकतो, इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते निव्वळ करमणूक म्हणून. आमच्या कोकणात म्हणे दर चौथ्या वळणावर पांढऱ्या साडीतली बाई उभी असते... इतकी वर्षं मी या रस्त्यांवर वेळी-अवेळी गाड्या फिरवतोय, एकीनेही मला कधी हात केलेला नाही. मेकॅनिक माणूस मी. माझ्या लेखी आवाज आला म्हणजे काहीतरी सैल झालेलं असतं आणि ते पान्याने आवळता येतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. हसायचं तर खुशाल हसा, पण पुरतं वाचून हसा.

रत्नागिरीत नाचणे रोडच्या आतल्या बाजूला माझं गॅरेज आहे. पोट चालतं ते साध्या सर्व्हिसिंगवर, पण खरा जीव रमतो लहान स्कूटर पळवण्यात. कॉलेजच्या मुली ज्यावरून डबा घेऊन जातात ना, त्याच बिनगिअरच्या स्कूटर. त्यांचं इंजिन उघडायचं, सिलिंडरचा बोअर वाढवायचा, मोठा कार्ब्युरेटर बसवायचा, व्हेरिएटरमध्ये, म्हणजे या गाड्यांत गिअरचं काम करणाऱ्या भागात, हलके रोलर टाकायचे... की तीच गाडी सिग्नलवरून अशी सुटते की मोठ्या बाइकवाल्याचं तोंड बघण्यासारखं होतं. माझी बायको म्हणते, "लोक घोडे पाळतात, तुम्ही शेळीचा घोडा करत बसा."

या उद्योगातला माझा भागीदार इम्तियाज. राजिवड्याचा, शाळेपासूनचा दोस्त. कुवेतला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. त्याच्या आधीच्या सुट्टीत एक गोष्ट घडली होती. तो घरी आला तेव्हा त्याची लेक झोया दाराआड लपली आणि आईला विचारायला लागली, हे काका कोण आलेत. ते त्याला फार लागलं. या खेपेला आला तो परत जायचं नावच काढीना. कोल्हापूरकडे लहान स्कूटरांच्या शर्यती भरतात. तिथे आमची गाडी पहिली आली तर घाटावरची पोरं आपापल्या गाड्या घेऊन आमच्या दारात येतील आणि इम्तियाजला इथेच काम मिळेल, असा आमचा विचार होता. नाही जमलं तर कुवेतचा व्हिसा तयारच होता. शर्यतीत गाडी चालवणार तोच, कारण तो अंगाने काटकुळा. मी खाऊन-पिऊन सुखी माणूस, माझ्या वजनाने गाडीचा निम्मा वेग तिथेच बसतो.

आता थोडं आमच्या धंद्यातलं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मापात मिळतेय का, हे बघायची एक जुनी रीत आहे. गाडी फुल थ्रॉटलवर पळवायची आणि त्याच वेगात इंजिन बंद करून टाकायचं. मग ब्रेक न दाबता गाडी नुसती घरंगळू द्यायची. थांबली की स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघायचा. भाजलेल्या बिस्किटासारखा रंग असला तर सगळं ठीक. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी पडतंय, आमच्या भाषेत गाडी 'लीन' चाललीय, इंजिन तापतंय, आणि एक दिवस पिस्टन आतल्या आत चिकटणार. भर वेगात पिस्टन चिकटला की मागचं चाक जाम होतं आणि माणूस रस्त्यावर येतो.

ही चाचणी आम्ही सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर घ्यायचो. शहराच्या वरच्या अंगाला कसल्याशा कारखान्यासाठी केलेला एक रस्ता आहे. कारखाना काही आला नाही, रस्ता तेवढा राहिला. सरळसोट, दोन्हीकडे काळा कातळ आणि पिवळं गवत, झाड औषधालाही नाही. लांब खाली समुद्राची रेघ दिसते. दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. शुक्रवारी इम्तियाज नमाजला जायचा, म्हणून त्या दिवशी मी एकटाच गाडी घेऊन वर जायचो.

अशाच एका शुक्रवारी... फेब्रुवारी असेल, ऊन तापायला लागलं होतं. मी पूर्ण वेगात इंजिन बंद केलं. कानात फक्त वारा आणि टायरचा आवाज. आणि मागून एक गाडी आली.

लहान स्कूटर, फुल थ्रॉटल. असेल एखादा पोरगा, म्हणून मी डावीकडे सरकून त्याला वाट दिली. आवाज अगदी माझ्या उजव्या हाताशी आला, कोपराला इंजिनाची धग लागली — आणि पुढे निघून गेला. रस्त्यावर कुणीही नव्हतं. आवाज तेवढा सरळ पुढे गेला, रस्ता संपतो तिथपर्यंत, आणि विरला.

मी घाबरलो नाही, चिडलो. खाली हायवे आहे, वाऱ्यावर तिकडचा आवाज येत असेल, असं म्हणून पाहिलं. पण हायवेवरचा आवाज कोपराला कसा चाटून जाईल? प्रतिध्वनी म्हणावा, तर माझं इंजिन बंद होतं. आणि मेकॅनिकची खोड जाते कुठे... जाता जाता माझ्या कानाने टिपलं होतं की त्या गाडीत आमच्यापेक्षा हलके रोलर आहेत.

संध्याकाळी इम्तियाजला सांगितलं. तो हसून हसून बेजार. "उपाशीपोटी जातंस नि डोक्यावर ऊन घेतंस. पित्त झालाय तुला, शैल्या. घरी जा, सोलकढी पी."

त्याच आठवड्यात त्याने आमच्या गाडीत हलके रोलर टाकले. तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. गाडी वेगवान करायची तर रोलर कधी ना कधी बदलणारच.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम आधी इंजिन चालू ठेवूनच फेऱ्या मारल्या. काही नाही. मग वेगात इंजिन बंद केलं, आणि ती आली. या वेळी आवाज वेगळा होता. घोगरा, छातीत घुमणारा, आणि थ्रॉटल जिथे सर्वात वर जातो तिथे घंटेच्या कडेवर नख मारावं तशी एक किणकिण. मी गाडी उभी करून कितीतरी वेळ त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिलो. कुणीतरी तिच्यावरही काम करत होतं, आणि चांगलं काम करत होतं.

मग बुधवारी की गुरुवारी, मी गॅरेजच्या दारात चहा पीत होतो. इम्तियाज पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. स्टीलच्या पाइपचा सायलेन्सर. स्वतः कापून, वाकवून, मिरकरवाड्यात एका ओळखीच्या माणसाकडे वेल्डिंग करून आणलेला. मला पत्ता लागू दिला नव्हता. गाडीला लावला आणि स्टार्टर मारून थ्रॉटल पिळला.

तोच घोगरा आवाज. वर तीच किणकिण.

"कधी केलास हा?" मी विचारलं.

"काल. का रे? आवाज बरा नाय?"

चहाचा कप मी कुठे ठेवला ते मला आठवत नाही. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना ठाऊक असेल, शंभर पोरं रडत असली तरी आपलं कुठलं ते आईला कळतं. इंजिनाचं आम्हाला तसंच असतं. मी सड्यावर ऐकत होतो ती आमचीच गाडी होती. फक्त मी ऐकली तेव्हा ती तशी झालेली नव्हती.

मी इम्तियाजला काही बोललो नाही. शर्यत जवळ आली होती, तो खुशीत होता, झोयाला रोज शाळेत सोडून तिथूनच गॅरेजवर यायचा. शुक्रवार आला. जाऊ नये असं फार वाटत होतं, आणि गेल्याशिवाय राहवतही नव्हतं. शेवटी गेलोच.

इंजिन बंद केलं. मागून आमची गाडी आली. माझ्या उजवीकडून गेली. इतकी सुंदर पळत होती, की अंगावर काटा असतानाही मला क्षणभर अभिमान वाटला. मग रस्त्याच्या शेवटाकडे तिचा आवाज पातळ व्हायला लागला. तो पातळपणा मी ओळखतो, पेट्रोल कमी पडल्याचा. मी हेल्मेटमध्ये मोठ्याने म्हणालो, "सोड, थ्रॉटल सोड." आतून 'खट' असा आवाज आला, टायर किंचाळला, आणि मग डांबरावरून लोखंड फरपटत गेलं... लांबवर. शेवटी कातळावर काहीतरी आदळलं. जळक्या ऑइलचा वास आला. त्यानंतरही मी काहीतरी ऐकलं, ते पुढे सांगतो.

मी तिथवर चालत गेलो. डांबरावर ओरखडा नाही, गवत सरळ उभं. आमच्या गाडीचा प्लग काढला. भाजलेल्या बिस्किटाचा रंग, अगदी पुस्तकात दाखवावा तसा.

संध्याकाळी इम्तियाज आला आणि म्हणाला, उद्या तो शेवटची चाचणी घेणार, मी पलीकडच्या टोकाला उभं राहायचं. मी म्हणालो, "नाही. ही गाडी चालवायची नाही." आणि पहिल्या शुक्रवारपासूनचं सगळं सांगून टाकलं.

या वेळी तो हसला नाही. तो भडकला. "मी विमानात बसायला नको म्हणून ह्यो सगळा करतंव, नि तू मना भुताच्या गोष्टी सांगतंस? प्लग बघितलास ना? बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे."

"मग? दोष काय हाय ता दाखव. मी मानतंव."

दोष नव्हताच, तर दाखवणार काय? मी म्हणालो, कार्ब्युरेटरला मोठ्या भोकाचा जेट टाकू, पेट्रोल जास्त जाऊ दे, गाडी थोडी मंदावेल पण इंजिन थंड राहील. तो म्हणाला, मंद गाडी घेऊन कोल्हापूरला कशाला जायचं, तिथे काय वडापाव खायचाय? मी गाडीची चावी खिशात घातली. आमचं आयुष्यात कधी भांडण झालं नव्हतं, ते त्या दिवशी झालं. तो दारापर्यंत गेला आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता विचारलं,

"पडल्यावर काय ऐकलंस? माणसाचा आवाज आलो काय?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण तो इतकी वर्षं फक्त माझ्या कानावर विसंबून गाडी चालवत आला होता. मी सांगितलं, की हो, आला. कुणीतरी हाका मारत होतं. "इम्त्या... इम्त्या, ऊठ रे..." पुन्हा पुन्हा. तो आवाज माझा होता. मी रस्त्याच्या मधोमध तोंड मिटून उभा होतो आणि पुढे कातळापाशी मीच गळा फाडून हाका मारत होतो. आणि त्या हाकांना ओ देणारं कुणी नव्हतं.

इम्तियाज दारातून आत आला, पाना उचलला, म्हणाला, "खोल."

आम्ही दोघांनी मिळून इंजिन पूर्ण उघडलं. पिस्टन, सिलिंडर, कार्ब्युरेटर, पेट्रोलची नळी, सगळं मापून पाहिलं. पिस्टनवर एक रेघसुद्धा नव्हती. इतकं निर्दोष इंजिन माझ्या हातून पुन्हा झालेलं नाही. मनात आणलं असतं तर तासाभरात जोडून दुसऱ्या दिवशी तो सड्यावर गेला असता, आणि मी त्याला अडवू शकलो नसतो. त्याने पिस्टन फडक्याने पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"तू लीन म्हणालास तेव्हा मी कधी प्लग बघितलो नाय," तो म्हणाला. "आता तरी कशाला बघू."

शर्यत आमच्याशिवाय झाली. इम्तियाज पावसाआधी कुवेतला गेला. निघताना झोयाने त्याच्या पँटचा खिसा घट्ट धरला होता, तो सोडवायला तिच्या आईला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली. मी शेजारीच उभा होतो.

त्यानंतर मी सड्यावर बऱ्याचदा गेलो. दुसऱ्या गाड्या घेऊन, शुक्रवारी, इतर वारीही. वेगात इंजिन बंद करतो आणि कान देतो. वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. म्हणाले, कान उत्तम आहेत.

मध्यंतरी इम्तियाजची आई गॅरेजवर आली होती. मी तिला चाची म्हणतो, शाळेत असताना तिच्या हातचं खाऊनच वाढलोय. स्टुलावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "शैलू, लोकां बोलतात, दोस्तानंच दोस्ताला घालवलान. तू मना सांग, त्या गाडीत काय होता?"

मी म्हणालो, "इंजिनात दोष होता, चाची. जीव गेला असता."

तिने वर बघून अल्लाचे आभार मानले, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि गेली. दोष नव्हता, हे तिला कसं सांगू? तिच्या मुलाला मी घरादारापासून, पोरीपासून तोडलं ते कशामुळे, याचं माझ्याकडे आजही काही उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा. इम्तियाज जिवंत आहे, एवढाच काय तो पुरावा माझ्यापाशी आहे, पण त्याने नेमकं काय सिद्ध होतं ते मला सांगता येत नाही.