आठ दिवस बघू

आमच्या सेलूच्या घरी किती गडी-बाया कामाला आल्या आणि किती गेल्या, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. पण लग्नकार्यात आम्ही जावा-नणंदा तांदूळ निवडायला बसलो, की त्यातलं एखादं तरी माणूस गप्पांत शिरतंच. एकीनं एक सांगितलं की दुसरीला दुसरं आठवतं. तांदूळ संपतात, गोष्टी उरतात.

निजामाच्या राजवटीची शेवटची काही वर्षं होती. सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, मोंढ्याच्या बाजारात कापसाची अडत होती आणि घर सासूबाईंच्या हातात. त्यांना आम्हीच काय, सगळी गल्ली आत्याबाई म्हणायची. कामाला माणूस ठेवायचं त्यांचं एकच वाक्य होतं, "आठ दिवस बघू." सोमवारी यायचं, पुढच्या सोमवारी निकाल. पसंत पडलं तर लुगडं किंवा धोतर, नाही तर शिधा बांधून रवानगी. आजकाल याला ट्रायल म्हणतात. त्यात एक कडक नियम होता. या आठ दिवसांत नव्या माणसाला कुणी काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं. विचारलं की माणूस सावध होतं, असं आत्याबाईंचं म्हणणं.

*

झाडलोटीच्या बाईची परीक्षा ठरलेली होती. सकाळी आत्याबाई स्वतःच्या पलंगाखाली एक चिंचोका टाकायच्या. संध्याकाळी तो तिथंच दिसला, की बाई नुसती मधून मधून केरसुणी फिरवते हे सिद्ध.

चंद्रभागा नावाची बाई आली. चिंचोका रोज नाहीसा होऊ लागला. आत्याबाई खूश. पाचव्या दिवशी चंद्रभागेनं पदराची गाठ सोडली, पाच चिंचोके त्यांच्यापुढं ठेवले आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "मी कुनाला सांगत न्हाई, आत्याबाई. पन तुमी पलंगावर बसून रोज चिंच खायलाव. या वयात जपायला पायजे."

आत्याबाईंना धड हो म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना. चंद्रभागेला सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी लुगडं मिळालं.

*

स्वयंपाकी मिळत नव्हता तेव्हाची गोष्ट. आमचं घर लिंगायत, त्यामुळे चुलीपाशी आमच्यातलाच माणूस लागायचा. असा एकजण हैदराबादेहून आला. तिथं एका वकिलाकडे होता म्हणे. त्यानं मोठ्या ऐटीत सर्टिफिकेट काढलं. ते उर्दूत! घरात उर्दू वाचता यायची फक्त मामंजींना, तीही कोर्टकचेरीमुळे. त्यांनी चष्मा लावला आणि मराठी करून वाचून दाखवलं.

"हा इसम आमच्याकडे दोन वर्षं स्वयंपाकाला होता. हा येण्याआधी आमच्या घरी पाहुण्यांचा फार राबता असे." खाली सही. बस्स, एवढंच.

स्वयंपाक्याचा चेहरा अभिमानानं फुललेला. त्याला बिचाऱ्याला अक्षर वाचता येत नव्हतं.

आत्याबाई शिधा काढायला उठल्या. मामंजींनी त्यांना हाताच्या खुणेनं बसवलं. कापूस घेऊन आलेले लांबचे नातेवाईक तेव्हा आमच्याकडे तीन-तीन आठवडे मुक्काम ठोकायचे. "याचे आठ दिवस आजच भरले," मामंजी म्हणाले. "ठेवून घ्या."

*

एक बाई मात्र चौथ्या दिवशी आपणहून गाठोडं घेऊन उभी राहिली. आत्याबाईंचा नियम त्या दिवशी त्यांनीच मोडला, त्यांनी कारण विचारलं.

"काम हलकं हाय, जेवन बी चांगलं हाय," ती म्हणाली. "पन तुमच्या घरात कोनी भांडतच न्हाई. मला करमंना झालंय."

ती गेल्यावर आत्याबाई कितीतरी वेळ आम्हा तिघी सुनांकडे बघत होत्या. ही तारीफ की तक्रार, ते त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

*

मग माझा बसवराज झाला, आणि परीक्षेची गंमत संपली.

बाळंतपणानंतर मला ताप भरला. दूध आटलं. पोराला बोंडल्यानं शेळीचं दूध पाजायचं, तर ते चार थेंब घेऊन बाकी ओकायचं. वैद्यांनी तोंडावर सांगितलं, "यानं पोटात दूध ठेवलं तर वाचेल." मला त्याला मांडीवर घेऊन बसायचंही त्राण नव्हतं. मी पडल्या पडल्या त्याचे हातपाय बारीक होताना बघत होते आणि मला फार भीती वाटत होती.

सांभाळायला पहिली आली ती गाणारी. तिचा आवाज इतका गोड, की अंगाई सुरू झाली की आत्याबाईच भिंतीला टेकून घोरायच्या. पोरगं टक्क जागं. तिसऱ्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "हिला कुणाला निजवायला ठेवलंय?" तिला शिधा मिळाला. दुसरी आली, तिला आमच्या शेळीचीच भीती वाटायची. ती गुरुवारी गेली.

तिसरी चुडाव्याहून रेल्वेनं आली. राही तिचं नाव. शेतकऱ्याची विधवा, आमच्यातली नव्हे, बोलणं अगदी कमी. तिनं बोंडलं हातात घेतलं, बघितलं आणि बाजूला ठेवलं. कापसाचा बोळा दुधात भिजवून पोराच्या ओठाला लावत ती तासभर बसली. पोरानं पोटात ठेवलं! चौथ्या दिवशी ते पहिल्यांदा मूठ उघडून झोपलं. मी सोमवारपर्यंतचे दिवस मोजायला लागले. पण आत्याबाईंच्या मनात काय चाललंय, ते कळायला मार्ग नव्हता.

आमच्याकडे मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. ते आयुष्यभर अंगावर राहायचं. हरवलं तर ते मिळेपर्यंत अन्न घ्यायचं नाही. रविवारी सकाळी आत्याबाई माझ्या खोलीत आल्या, पोराचं दुपटं सारखं केलं आणि पुन्हा बाजूला करून बघितलं. पोराच्या गळ्यात लिंग नव्हतं.

तान्ह्या पोराला उपाशी ठेवता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं घरानं उपाशी राहायचं, असं आत्याबाईंनी ठरवलं. चूल विझवली. अंथरुणं झाडली, न्हाणीतली राख चाळली, धान्याच्या कणग्यांत हात घालून झाले. राही दुपटी धुवायला गेली, तेव्हा आत्याबाईंनी तिचं गाठोडंही उघडून बघितलं. एक जुनेर आणि एक फणी निघाली. राहीला कुणी विचारलं नाही. तिचे आठ दिवस अजून भरले नव्हते ना! दुपारी दोन पाहुणे "येतो आम्ही" म्हणून निघून गेले. जे स्वयंपाक्याला जमलं नव्हतं ते त्या दिवशी झालं.

दिवस कलला तेव्हा मामंजी मठातल्या म्हाताऱ्या स्वामींना घेऊन आले. स्वामी पोराला बघायला म्हणून खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबले. पोरगं राहीच्या मांडीवर झोपलेलं. त्यांनी तिलाच विचारलं, "बाई, लेकराचा देव कुठाय?"

"हितं हाय की," राही म्हणाली, आणि पदर जरा बाजूला केला. लिंग तिच्या गळ्यात होतं.

आत्याबाई चटकन पुढं झाल्या.

"लेकराच्या गळ्याला वल्या दोऱ्यानं फोड आलेत," राही म्हणाली. "काल रातीपासून कातडं सोलायलंय. आत्याबाई पैल्या दिशी म्हनल्या व्हत्या, ह्यो देव भुईला टेकवायचा न्हाई, मानसाच्या अंगावरच पायजे. मग मी कुठं ठिवू? फोड सुकस्तोवर माझ्या गळ्यात बांधला."

"आणि घरात सकाळपासून शोधाशोध चाललीय, चूल पेटली नाही, ते दिसलं नाही तुला?" मामंजी म्हणाले.

"दिसलं की. काय हुडकताव ते कोनी सांगितलं न्हाई. तुमचा उपास हाय वाटलं. मनून मी बी धरला."

परक्या बाईनं दिवसभर आमचं लिंग गळ्यात घातलेलं, आता पोराचं काय आणि बाईचं काय, हे सगळं आत्याबाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र बांधलेला शिधा दिसत होता, आणि ओकणारं पोरगं.

स्वामींनी लिंग मागून घेतलं, धुतलं, पूजा केली. पोराचा गळा बघितला आणि मऊ कापडात गुंडाळून ते त्याच्या दंडाला बांधलं. मग म्हणाले, "चूल पेटवा. सगळे उपाशी आहेत."

भाकरी आणि पिठलं झालं. राही पोराला घेऊन माझ्या दारासमोर ओसरीवर बसली होती. आमच्याकडे पहिलं ताट स्वामींचं. आत्याबाईंनी ते वाढून आणलं. स्वामींनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि राहीपुढं ठेवलं.

राहीनं ताटाकडे बघितलं. मग पोराला मामंजींच्या हातात दिलं, ताट उचललं आणि माझ्या खोलीत आली.

"बाळंतीन सकाळधरनं उपाशी हाय," ती म्हणाली. "तिला बी कोनी विचारलं न्हाई."

तिनं पहिला घास मोडला, तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं. आत्याबाई होत्या. त्यांच्या एका हातात तुपाची वाटी होती आणि दुसऱ्या हातात राहीसाठी वाढलेलं ताट.