आक्का भरवायची ते कोर्ट

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर कोर्ट भरवलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सकाळच्या भेटीच्या वेळेत.

बायकोच्या धाकट्या भावानं शेजाऱ्याच्या डोक्यात कुकर घातला होता. तो नळातून आपल्याला शिव्या देतो, असं ह्याला ऐकू यायचं. शेजारी टाके घालून घरी गेला आणि हा मनोरुग्णांच्या दवाखान्यात आला. खटला म्हणजे काय हे आरोपीला कळल्याशिवाय तो चालत नाही, आणि खटला चालल्याशिवाय सुटका नाही. गोळ्यांनी आवाज थांबले. बाकीचं शिकवायचं बायकोनं मनावर घेतलं. मी चौथी नापास, म्हणून मला जज केलं. स्टुलावर बसायचं, तोंड उघडायचं नाही. दोन्हीकडचे वकील तीच. बरोबर उत्तराला एक शेंगदाण्याचा लाडू.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मेहुण्याला विचारलं, "कोर्टात निकाल कोण देतं?"

"बसतात दाजी," तो म्हणाला. "निकाल आक्का देते."

बाई खोकल्यासारखं करून हसल्या. "अजून तयारी हवी. पुढच्या आठवड्यात बघू."

बसमध्ये बायको बिबवेवाडीपर्यंत माझ्यावरच घसरली. "अहो, जज कधी मांडी खाजवतो का? त्याला खरं वाटणार कसं?"

"खरा जजही खाजवत असेल. टेबलाआड दिसत नाही, एवढंच."

घरी येऊन जरा पडते म्हणाली. मी चहा करून हाक मारली. उठली नाही. मला उलट न बोलता ती पहिल्यांदाच गप्प राहिली. दिवस मावळायच्या आत स्मशानातून परतलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावकी आडवी आली. सुतकात कुठं निघालात?

"मग त्याला कोण सांगणार? तुम्ही?"

सगळे वाटेतून बाजूला झाले. डब्यात तिचे दोन लाडू उरले होते, ते घेऊन मी निघालो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगा, मी इथंच आहे. मी मेहुण्याला सांगितलं. तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. मला वाटलं, बिघडला परत, तिची वर्षभराची मेहनत गेली.

मग म्हणाला, "दाजी, आता निकाल कोण देणार?"

"कोर्टातला जज. आक्का नाही, आणि मी तर नाहीच."

त्यानं मान हलवली आणि रडला. चारचौघं रडतात तसाच.

त्याचं रडणं होईपर्यंत थांबलो. स्टूल रिकामं ठेवलं, तिच्या जागेवर जाऊन बसलो, डबा उघडला आणि विचारलं, "बोल, तुझ्यावर आरोप काय आहे?"