ठोकळ्यांचे वाटे
लाकडी ठोकळे जमिनीवर ओतल्याचा आवाज आला की मला मांडवीची बालवाडी आठवते. खिडकीतून खारा वारा यायचा आणि सतरंजीवर कितीही झाडलं तरी वाळू असायचीच. एकदा बाईंनी रंगीत ठोकळ्यांचा ढीग माझ्यापुढे ओतला आणि म्हणाल्या, "सारखे सारखे एकत्र लाव." मी मासळी विकणाऱ्या आईच्या मांडीशी वाढलेली. ती विकायला बांगडा माशांचे वाटे मांडायची तसे मी ठोकळ्यांचे वाटे मांडले, प्रत्येकात एक मोठा आणि भोवती चार लहान. बाई म्हणाल्या, "अगं, रंग बघ ना." मी म्हटलं, "सगल्यांना एकेक मोठा नको?" तेवढ्यात आई मला न्यायला आली. टोपली दाराशी ठेवून तिने आत पाहिलं आणि काही न विचारता, बाईंच्या समोरच्या वाट्यावर आणखी एक ठोकळा ठेवला, रोजच्या गिऱ्हाइकाला वर एक बांगडा ठेवायची तसा. तिच्या हाताचा वास त्या ठोकळ्याला कितीतरी दिवस येत होता. काल पुण्यातल्या घरात माझ्या चार वर्षांच्या लेकीने सगळे ठोकळे रंगांप्रमाणे अचूक लावले. मी तिच्या लाल ढिगावर एक निळा ठोकळा ठेवून पाहिला. तिने तो उचलून माझ्या हातात परत दिला. "आई, हा इथला नाहीये."