लाटण्याचा घाव
पोळी करपल्याचा वास आला की माझी डावी भुवई अजून ठणकते. दोन हजार तीनच्या आसपास अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगच्या एका अपार्टमेंटमध्ये आम्ही दोघं मित्र राहायचो. तो पुण्याचा, आयटीतला, आणि मी नागपूरकडचा, भाषाशास्त्राचा विद्यार्थी. त्या संध्याकाळी तो पोळ्या लाटत होता आणि मी परीक्षेसाठी मोठमोठ्यानं घोकत होतो, की रोमन फौजांनी गावं जाळली, माणसं कापली, उरलेल्यांच्या तोंडात आपली लॅटिन कोंबली, मग डोंगरांनी मुलूख तोडले आणि जो तो त्या लॅटिनचे उच्चार आपापल्या परीनं मोडत गेला, तेव्हा कुठे फ्रेंच, स्पॅनिश झाल्या. घसा कोरडा पडला. "पानी दे ना बे," मी म्हणालो. "पाणी! आधी शुद्ध बोल यार, मग पीएचडी कर," तो म्हणाला. हे रोजचंच होतं, पण त्या दिवशी माझं टाळकं सरकलं. "तुझं शुद्ध मराठीही कुणीतरी संस्कृत मोडूनच झालंय!" मी ओरडलो. त्यानं हातातलं लाटणं फेकून मारलं. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं, तसा मी त्याला कॉलर धरून फ्रिजवर आपटला. त्यानं माझा गळा आवळला. तव्यावरची पोळी जळून घरभर धूर झाला, अलार्म किंचाळायला लागला, तेव्हाच आम्ही सुटलो. दोस्ती मात्र टिकली. परवा प्लेनोला त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. इथंच जन्मलेली त्याची मुलगी ग्लास पुढे करत म्हणाली, "काका, पानी?" तिचं 'पानी' न सुधारता त्यानं माझ्या ताटात पोळी वाढली.