पुनारामजींनी पक्कं केलेलं भांडार

सोयरीक जुळवावी तर पुनारामजींनीच, असा मध्य प्रदेशातल्या बालाघाटात एक काळ होता. किरनापुरापासून तिरोडीपर्यंत कोणाची पोर लग्नाची झाली, कोणाचा पोरगा नोकरीला लागला, सगळं त्यांना तोंडपाठ. आता पोरंपोरी मोबाईलवर आपापलं ठरवतात आणि पुनारामजींना नुसतं जेवायला बोलावतात. ते जातात, पण घास गोड लागत नाही. आपल्याला कोणी विचारत नाही, हे त्यांना गुडघेदुखीपेक्षा जास्त दुखायचं.

म्हणून नात संध्या दोघांतलं एक निवडून द्या म्हणाली, तेव्हा ते टोपी घालूनच बसले.

संध्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. बैहरच्या जंगलातली कोणती जडीबुटी कोणत्या गोळीसोबत घेऊ नये, हे आरोग्यसेविकांना सांगणारं ॲप ती बनवत होती. त्यासाठी ते इंटरनेटवरच्या एखाद्या माहिती-भांडाराशी जोडायला हवं होतं. अशा भांडारात वनस्पतीची नोंद औषधाशी, औषधाची रोगाशी आणि पुढे दुसऱ्याच कुठल्या भांडाराशी जोडलेली असते. एक भांडार थोरलं, नावाजलेलं, दुसरं धाकटं. पंधरवडाभर तिचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. आजोबांना, म्हणजे तिच्या आबाजींना, विचारलं ते खरं तर त्यांचं मन रमावं म्हणून.

पुनारामजींनी रीतीप्रमाणे चौकशी मांडली. नातेवाईक किती? थोरल्याचे जगभर, धाकट्याचे मोजके. नाती चालू आहेत ना? संध्याने उघडून पाहिलं, तर थोरल्याच्या निम्म्या जोडण्या बंद पडलेल्या. मोठ्या घरात असं चालायचंच, म्हणाले. देण्याघेण्याचं कसं? थोरलं परवानगीशिवाय काही वापरू देत नव्हतं. धाकटं म्हणे खुशाल न्या, फक्त आमचं नाव सांगा. सताड उघड्या दाराचं घर पुनारामजींच्या मनातून तिथेच उतरलं.

मग त्यांनी कूळ विचारलं. प्रत्येक झाडाला एक कायमचा क्रमांक असतो, संध्याने समजावलं. धाकट्याकडे गुळवेलीचा जो क्रमांक, तोच आपल्याकडे. थोरल्याचे सगळे निराळे.

"मंग आटपलं," पुनारामजी म्हणाले. "एकाच कुळाचे म्हंजे भाऊ-बहीण झाले. थोरलं पक्कं कर."

आणि लगोलग भैयालालच्या चहाच्या टपरीवर जाऊन, नातीचं काम आपण मार्गी लावल्याचं चार लोकांत सांगूनही आले.

संध्या आधी हसली. मग हसता हसता थांबली आणि संध्याकाळपर्यंत ॲप धाकट्याशी जोडून मोकळी झाली. सगळं बिनबोभाट जुळलं. जेवताना तिने आबाजींना खरं ते सांगितलं. त्यांचा हात ताटातच थांबला.

"मंग मले काहून विचारलं?"

"तुमी नाही म्हनाची कारनं सांगतली, तवाच मले समजलं, आबाजी. सोयरिकीत जे चालत नाही, तेच इथं पाह्यजे होतं. क्रमांक सारखे, दार उघडं. थोरल्याच्या नावालेच मी भुलून राह्यलती."

पुनारामजी ताटावरून उठले. चार लोकांत सांगितलेला शब्द खोटा पडला होता, आणि त्यांची सगळी अब्रू त्या शब्दावरच उभी होती. एकदा वाटलं, टपरीवर जायचंच बंद करावं.

पण सकाळी ते गेले. भैयालालने थोरल्या घराची खुशाली विचारली.

"मोडली सोयरीक," पुनारामजी म्हणाले. "माही चूक झाली."

त्यांच्या तोंडून हे कोणीच कधी ऐकलं नव्हतं. कोपऱ्यात टिकाराम बसला होता. त्याचं लग्न पुनारामजींनीच जमवलेलं, आणि नवरा-बायकोचं भांडण रोज साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जायचं.

"आमच्या सोयरिकीचं बी आताच सांगून टाका, मामाजी," तो म्हणाला.

सगळे खो खो हसले. पुनारामजींना आधी राग आला, मग त्यांनाही हसू आवरेना. हसणं ओसरल्यावर टिकाराम ग्लास घेऊन त्यांच्या बाकावर सरकला.

"माह्या पोरीसाठी एखादं घर पाहसान का?" त्याने हळूच विचारलं. "चुकलं तं आता तुमी सांगसान तरी."

पुनारामजींनी टोपी सारखी केली आणि पोरगी काय शिकली ते विचारलं.